शिवाजी पार्कची प्रचारसभा: मत कुणाला द्यायचं ते ठरलेलं नसेल तर जावं का?

आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. शिवाजी पार्कवरची मोठी प्रचारसभा, पाचपैकी अडीच स्टार. त्यातले दोन साउंड सिस्टीमचे आणि एकूण माहोलचे, अर्धा बाहेरच्या भेळवाल्याचा. आमच्या गल्लीतली चौकसभा, पाचपैकी साडेतीन, ती का ते खाली येईलच. पक्षाचं नाव लिहीत नाहीये कारण नाव लिहिलं की सभा राहते बाजूला आणि भांडणं सुरू होतात, आणि खरं सांगू का, नाव बदललं तरी यातलं नव्वद टक्के तसंच राहील.

तर ही गोष्ट २०२४ च्या विधानसभेची, २० नोव्हेंबरचं मतदान. मी तेव्हा अगदी कुंपणावर बसलेली. आमच्या घरात आजवर असं कुणी नव्हतं, सासूबाईंना तर आयुष्यभर एकच चिन्ह माहीत, पण यावेळी पक्षच फुटलेले, अर्धे इकडे अर्धे तिकडे, जुनं चिन्ह एकाकडे जुने कार्यकर्ते दुसऱ्याकडे, त्यामुळे त्या पण म्हणायला लागल्या की अगं आपला नक्की कोणता. म्हटलं चला, मोठी सभा आहे, घरापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर, फुकट आहे, जाऊन ऐकू या तरी की हे लोक आपलं मत कशासाठी मागतायत.

जायचं कसं? टॅक्सी वगैरे विसरा. सिद्धिविनायकाच्या पुढे सावरकर मार्ग बंद करतात, बेस्टच्या बस वळवलेल्या असतात, आणि आतल्या गल्ल्यांमधून बाहेरगावच्या बस आणि टेम्पो लागलेले. दादर वेस्टला उतरून रानडे रोडने चालत जाणं हाच एक मार्ग. त्या दिवशी रानडे रोडवर नेहमीची खरेदीची गर्दी आणि सभेची गर्दी एकत्र, म्हणजे एका हातात पडद्याच्या कापडाची पिशवी आणि गळ्यात पक्षाचं उपरणं अशी पण माणसं दिसली. उपरणं फुकट वाटत होते, सासूबाईंनी घेतलं, मी नाही घेतलं, तर तो पोरगा माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी लग्नात जाऊन अक्षता नको म्हणाले.

एन्ट्रीचं सांगते कारण हे कुणी सांगत नाही. पास असतात, रंगीत. सगळ्यात पुढे व्हीआयपी, मग पदाधिकारी, मग वेगवेगळ्या विभागांचे ब्लॉक, आणि पास नसलेल्या आमच्यासारख्यांना मागचं गेट. पास गल्लीतल्या कार्यकर्त्याकडून मिळतो, आणि कार्यकर्ता तो त्यालाच देतो ज्याचं मत पक्कं आहे. इथेच खरं तर कळायला हवं होतं की हा कार्यक्रम कुणासाठी आहे. गेटवर मेटल डिटेक्टर, बायकांची वेगळी रांग, पोलीस बाई एकदम नीट वागल्या, पण पाण्याची बाटली आत नाही, पॉवर बँक नाही, स्प्रे नाही. गेटच्या बाजूला बाटल्यांचा हा एवढा ढीग, त्यात अर्ध्या भरलेल्या स्टीलच्या पण, चांगल्या महागातल्या. सासूबाईंची बीपीची गोळी असते त्या वेळेला, म्हटलं पाणी लागेल, तर त्या पोलीस बाई म्हणाल्या, “आजी, आत पाणी वाटतायत, गोळी घ्या बरोबर, बाटली ठेवा इथेच.” आत पाणी खरंच वाटत होते, पुढच्या ब्लॉकमध्ये. मागे आमच्यापर्यंत फक्त रिकामा खोका आला.

खुर्च्या प्लास्टिकच्या, आणि आख्खी रांग सुतळीने एकमेकींना बांधलेली, कुणी उचलून नेऊ नये किंवा फेकू नये म्हणून. त्यामुळे शेजारचा हलला की आपण हलतो. मधे गुडघ्याला जागा नाही. खाली मॅट टाकलेलं पण ती शिवाजी पार्कची लाल माती, ती काय मॅटला ऐकते का, टँकरने पाणी मारलेलं असूनसुद्धा नऊ वाजेपर्यंत माझ्या पांढऱ्या सलवारचा रंग बदलला. पार्कभोवती राहणारे लोक या धुळीच्या नावाने एवढी वर्षं का ओरडतात ते एका संध्याकाळीत कळलं. आणि गंमत म्हणजे हेच मैदान हायकोर्टाने २०१० मध्ये सायलेन्स झोन ठरवलेलं, आणि आम्ही बसलोय चार मजली स्पीकरच्या भिंतीसमोर. परवानगी घेऊन होतं सगळं, मान्य, पण त्या बेसने छातीत धडधडत होतं हे पण खरं.

टॉयलेट. बायकांसाठी फायबरचे फिरते टॉयलेट मैदानाच्या एका टोकाला, आत दिवा नाही, कडी एकाच दाराला, पाणी आठ वाजेपर्यंत संपलेलं. सभेला अर्धी गर्दी बायकांची होती आणि स्टेजवरून प्रत्येक जण “माझ्या बहिणींनो” करत होता. यासाठी एक स्टार मी जाहीरपणे कापते.

वेळ पाचची दिलेली. मुख्य नेता आला साडेआठनंतर. मधल्या वेळात काय? शाहीर होते, पोवाडा झाला, तो खरंच चांगला झाला, मागच्या पोरांनी पण मोबाईल खाली ठेवले. मग गाण्यांच्या चालीवर प्रचारगीतं, मग अँकर, जो दर पाच मिनिटांनी सांगत होता की साहेब निघालेत, साहेब माहीमला पोचलेत, साहेब आलेच. मग घोषणा, त्याच त्या, कोण म्हणतं येणार नाय, आल्याशिवाय राहणार नाय, आणि येऊन येऊन येणार कोण. या घोषणा मी लहानपणापासून प्रत्येक पक्षाकडून ऐकल्यात, नुसतं शेवटचं नाव बदलतात. सासूबाई पण जोरात ओरडत होत्या, नंतर विचारलं तर म्हणाल्या, “घोषणेला काय जातंय, घसा मोकळा होतो.”

माझ्या डाव्या बाजूला एक बाई बसलेल्या, साठीच्या असतील, हिरवी नऊवारी, मांडीवर डबा. मुंबईच्या बाहेरून बसने आलेल्या, त्यांच्या बचत गटाच्या ताईंनी आणलेलं, सगळ्या बायका एकत्र. डब्यात चपाती आणि मेथीची भाजी, मला पण दिली अर्धी. मी सहज विचारलं, तुमच्याकडे कोण उभं आहे, तर म्हणाल्या, “माझं मत गावाला आहे बाई, कराडकडं. हितं नाव घातलंच नाही.” मग माझ्या उजवीकडच्या मुलाला विचारलं, तो पुण्याचा, नेत्याला बघायला आलेला, रील काढायला. म्हणजे मी आणि सासूबाई सोडून आमच्या त्या रांगेत शिवाजी पार्कच्या आसपास मत असणारं कुणी होतं का याची मला शंकाच आहे. त्यात वाईट काही नाही, लोक हौसेने येतात, त्या बाईंना तर मुंबई बघायला मिळाली म्हणून आनंद होता. पण मग दुसऱ्या दिवशी पेपरात ड्रोनवरून काढलेला गर्दीचा फोटो आला तो बघून मला हसू येत होतं, कारण त्यातला एक ठिपका कराडचा आणि एक पुण्याचा हे मला पक्कं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र भारी बघायला मिळाली. स्टेजच्या बाजूने एक माणूस व्हिडिओ कॅमेरा घेऊन हळूहळू फिरत होता, नेत्याकडे बघतच नव्हता, खुर्च्या, कमानी, झेंडे, कटआउट, एलईडी स्क्रीन, बाहेर लागलेल्या गाड्या, असं सगळं शूट करत होता. मला वाटलं कॅटरिंगवाला आहे की काय. शेजारच्या कार्यकर्त्याने सांगितलं निवडणूक आयोगाच्या टीमचा आहे. म्हणजे असं असतं की विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि खुर्ची, मंडप, चहा, वडापाव, प्रत्येकाचे दर जिल्ह्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी आधीच ठरवून दिलेले, मग त्या शूटिंगवरून मोजून तो खर्च उमेदवाराच्या खात्यात टाकतात. मोठा नेता आला आणि त्याच्याबरोबर उमेदवार स्टेजवर बसला की सभेचा खर्च त्या उमेदवारांमध्ये वाटला जातो. हे कळल्यावर मला स्टेजवर एवढे उमेदवार एका रांगेत का बसवले होते ते जरा वेगळ्याच नजरेने दिसायला लागलं.

त्या रांगेत आमचा पण होता. डावीकडून तिसरा. आख्ख्या संध्याकाळीत तो एक शब्द बोलला नाही. शेवटी सगळ्यांचे हात धरून वर केले, फोटो झाला, खाली बसले. ज्याला मत द्यायचं की नाही हे ठरवायला मी धूळ खात बसले, त्याचा आवाज कसा आहे हे मला कळलंच नाही.

आता भाषण. नेता बोलतो भारी, त्यात वाद नाही. थांबतो कुठे, आवाज खाली आणतो कुठे, टाळीला जागा कशी सोडतो, हे सगळं बघण्यासारखं आहे, आणि साउंड असा की शेवटच्या रांगेत कुजबुज ऐकू येते. पण काय बोलला ते घरी आल्यावर आठवायला बसले तर गद्दार कोण, खोटारडे कोण, कुणी कुणाच्या पाठीत काय खुपसलं, मुंबई कोण तोडणार, आणि आधी तुम्ही काय केलंत. आमच्याकडची जुनी इमारत, पाणी, फुटपाथ, महापालिकेची शाळा, काही नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपलेली, तेव्हापासून त्या सभेपर्यंत नगरसेवकच नव्हते, गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला हा आमच्या गल्लीतला रोजचा प्रश्न, त्यावर अर्धं वाक्य आलं आणि ते पण समोरच्याला टोमणा म्हणून. आणि जे ऐकायला आले होते त्यांना तेच हवं होतं, प्रत्येक टोमण्याला खुर्च्या हलत होत्या, सुतळीमुळे माझी पण. दहाला पाच कमी असताना कुणीतरी येऊन कानात सांगितलं, कारण दहानंतर लाउडस्पीकर बंद, मग साहेबांनी भाषण असं गुंडाळलं की जाहीरनाम्याचा भाग, जो मला ऐकायचा होता, तो दोन मिनिटांत उरकला.

सासूबाईंना विचारलं कशी वाटली. त्यांचे वडील गिरणीत होते, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी लहान असताना त्यांना खांद्यावर बसवून आचार्य अत्र्यांची सभा ऐकायला नेलेलं. त्या म्हणाल्या, अत्रे पण शिव्या घालायचेच की, काय कमी घालायचे? पण तेव्हा सगळ्यांना माहीत होतं काय मागायचंय, मुंबईसकट महाराष्ट्र, बास. आता काय मागतायत तेच कळत नाही, नुसतं मत मागतायत. मी म्हटलं आई, हे तुम्ही स्टेजवर जाऊन बोला.

त्याच महिन्यात माझा मावसभाऊ, जो तिकडे पेनसिल्व्हेनियात असतो आणि आता तिथला नागरिक आहे, तो पण त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या सभेला जाऊन आलेला. त्यांचं मतदान ५ नोव्हेंबरला, आमचं २० ला, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आमचं रोज हेच. तो पण कुंपणावरच. आणि तिकडे त्याच्या राज्याला भलताच भाव, प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, जिंकायला एकूण ५३८ पैकी २७० लागतात आणि पेनसिल्व्हेनियाची एकटीची १९, त्यामुळे उमेदवार सारखे तिकडेच पडीक. त्याने सांगितलं ते ऐकून मला वाटलं अरे हा पण शिवाजी पार्कलाच गेला होता का. फुकट पण मोबाईल नंबर देऊन आधी नोंदणी, एअरपोर्टसारखी तपासणी, चार तास रांग, टोप्यांची विक्री (आमच्याकडे उपरणं निदान फुकट), उमेदवार उशिरा, आणि सगळे आधीच ठरवून आलेले, तो एकटाच गप्प उभा म्हणून शेजारचा संशयाने बघत होता. वर तो नंबर दिला त्याची शिक्षा म्हणजे दिवसातून पाच मेसेज, पैसे द्या म्हणून. आपल्याकडे निदान मतदाराकडे पैसे मागायची पद्धत नाही, असलंच तर उलटं.

तो मला म्हणाला तुमच्याकडे राष्ट्रपती निवडणुकीच्या सभा कशा असतात. म्हटलं बाबा, आमच्याकडे राष्ट्रपतीपदाच्या उमेदवाराला मैदान लागत नाही, कारण मी मतदारच नाही, खासदार आणि आमदार मत देतात. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, ते पण १९७१ च्या जनगणनेवरून काढलेलं. म्हणजे मी एक मत देऊन जो आमदार निवडते त्याचं तिकडे १७५ होतं, आणि तो माणूस सभेत डावीकडून तिसरा, गप्प. बरं मावसभावाने तिकडे मत कुणाला दिलं ते मला आजही सांगितलेलं नाही, मावशीला पण नाही.

आता चौकसभा. सभेनंतर तीन-चार दिवसांनी आमच्या चाळीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीजवळ, हाच डावीकडून तिसरा आला. एक टेबल, एक माईक, एक स्पीकर जो मधे मधे शिट्टी मारत होता, पन्नास-साठ माणसं, अर्धी गॅलरीत उभी राहून ऐकतायत, कपडे वाळत घातलेले ते बाजूला सारून. तो पण एक तास उशिरा. बोलायला तसा बरा नाही, वाक्य सुरू करतो आणि संपवायचं विसरतो. पण इथे माणसाला विचारता येतं! आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी सरळ माईकच घेतला. आमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी, पुनर्विकासाचं ३३(७) खाली, म्हणजे अशा इमारतींसाठीच्या नियमाखाली, चाललंय असं बिल्डर गेली कित्येक वर्षं सांगतोय, आधी दोन बिल्डर येऊन गेलेले. काकूंनी विचारलं, “घर सोडून संक्रमण शिबिरात जायचं तर भाडं कोण देणार, किती वर्षं देणार, आणि त्याने मधेच बंद केलं तर तू येणार का आमच्या दारात?” एकेरीच बोलल्या, त्याला लहानपणापासून ओळखतात. तो आधी साहेबांचं नाव घ्यायला लागला, काकू म्हणाल्या साहेबांचं राहू दे, तू सांग. मग तो खरंच बोलला, कागद कुठे अडकलाय, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे काय गेलंय, भाडेकरूंच्या संमतीच्या सह्या कुणाच्या बाकी आहेत, आणि हे पण म्हणाला की भाडं बुडवणाऱ्या बिल्डरवर माझा हात किती पोचेल याची गॅरंटी मी नाही देत. कार्यकर्त्यांचे चेहरे पडले, पण मला त्याच वाक्यासाठी एक स्टार जास्त द्यावासा वाटला.

समोरच्या उमेदवाराची चौकसभा आमच्याकडे झालीच नाही, फक्त रिक्षावर भोंगा लावून पत्रकं टाकून गेले. त्याचं मी ॲफिडेव्हिट वाचलं. हे कुणालाही वाचता येतं, आयोगाच्या साईटवर आणि ॲपवर प्रत्येक उमेदवाराचं असतं, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं, आणि गुन्हे असतील तर त्यांना पेपरात पण तीनदा छापावं लागतं, ते छापतात अशा बारीक टायपात की आधी वाटतं हरवले आहेत ची जाहिरात आहे. रात्री चहा पीत पीत दोघांची ॲफिडेव्हिट शेजारी शेजारी ठेवून वाचली, अर्धा तास लागला. गाड्या, जमिनी, बायकोच्या नावावरचं सोनं, सगळं आकड्यात. पाच तास खुर्चीला बांधून बसण्यापेक्षा त्या अर्ध्या तासात जास्त कळलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या एवढं सोनं असून ही बाई प्रचाराला साधी मणीमंगळसूत्र घालून येते, हुशार आहे.

तर ज्यांचं ठरलेलं आहे त्यांनी सभेला जरूर जा, मजा येते, घसा मोकळा होतो, पोवाडा ऐका. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांनी चौकसभेची वेळ कार्यकर्त्याला विचारून ठेवा, दिलेल्या वेळेच्या एक तासानंतर खाली उतरा, आणि प्रश्न आधी ठरवून जा, शक्यतो काकूंना पुढे करा. आणि कुणीच नाही पटलं तर २०१३ पासून मशीनवर नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण, आहेच, माझं तसं झालं नाही, पण बटण दाबेपर्यंत नक्की नव्हतं हे सांगते.

मोठ्या सभेला गेलातच तर पांढरं काही घालू नका, घरून टॉयलेटला जाऊन निघा, आणि सुटल्यावर दादर स्टेशनकडे अजिबात वळू नका, आख्खं मैदान तिकडेच चाललेलं असतं. शीतलादेवीच्या बाजूने माटुंगा रोडला चालत जा, स्लो गाडी आरामात मिळते, बसायला पण. स्टीलची बाटली मात्र घरी ठेवून या, आमची काही परत मिळाली नाही.